साठीच्या साडीवरची बदकं

आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांवर फुलं-पानं काढत बसलेल्या बाईला कसले आलेत धक्के, असं तुम्हाला वाटेल. मलाही सुरुवातीला असंच वाटलं होतं. घरबसल्या काम, समोर टेबल, रंगाच्या बाटल्या, खिडकीतून येणारा उजेड. यात हादरण्यासारखं काय आहे? पण कपडा हा प्रकार भयंकर आहे. सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत ते लोक ब्लाउजचं माप देता देता मला सांगून जातात. इतकी वर्षं झाली तरी महिन्यातून एकदा तरी ‘असं कसं करू शकतात माणसं’ म्हणून मी हातातला स्पंज खाली ठेवते.

काम काय ते आधी सांगते, कारण ते आमच्या नातेवाइकांनाही नीट कळलेलं नाही. ते ‘ही पेंटिंग करते’ म्हणून माझी ओळख करून देतात. मी पेंटिंग करत नाही. मी स्टेन्सिल कापते. पातळ पण कडक प्लास्टिकमध्ये नक्षी कोरून काढायची, ते कपड्यावर घट्ट बसवायचं आणि कोरलेल्या जागेतून स्पंजनं रंग टिपायचा. प्लास्टिक उचललं की खाली नक्षी. ऐकायला शाळेतल्या हस्तकलेच्या तासासारखं वाटतं. मेख आहे ती कापण्यात. फुलाच्या मधला गोल सरळ कापला तर तो गळून पडणार, म्हणून त्याला धरून ठेवणारे बारीक सांधे सोडावे लागतात. ते कुठे आणि केवढे सोडायचे हे प्रत्येकाच्या हाताचं असतं. माझे सांधे मी हजार कपड्यांत ओळखीन. आणि स्पंज जवळजवळ कोरडा हवा. हौशी माणूस इथेच फसतो. तो भरभरून रंग घेतो, रंग प्लास्टिकखाली पसरतो आणि गुलाबाचा कोबी होतो. रंग पूर्ण वाळला की उलट बाजूनं इस्त्री फिरवायची आणि आठवडाभर कपड्याला पाणी दाखवायचं नाही.

याच्या जोडीला उसवाउसवी चालूच असते. साडीचा कुर्ता, कुर्त्याचा फ्रॉक, हळदीच्या डागावर सूर्यफूल, इस्त्रीनं जाळलेल्या भोकावर ठिगळ आणि ठिगळावर मोर. डाग जिथे पडला तिथे फूल उगवतं, मग ते छातीवर असो नाहीतर पाठीवर.

स्टेन्सिलला सगळ्यात उत्तम माल म्हणजे जुन्या एक्स-रेच्या फिल्म. सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून घासल्या की वरचं चित्र निघून जातं आणि खाली स्वच्छ प्लास्टिक उरतं. पूर्वी ओळखीपाळखीचे लोक पिशव्या भरभरून आणून द्यायचे. हल्ली सगळं डॉक्टरांच्या संगणकात असतं, त्यामुळे मोडलेली हाडं पाहायला मिळेनाशी झाली. एकदा घाईत एक फिल्म मी अर्धवटच घासली होती. समोर बसलेल्या बाईंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘‘हा आमच्या सासूबाईंचा गुडघा.’’ खरंच होता. फिल्म त्यांनीच आणून दिली होती. त्या गुडघ्यातून मी जास्वंद कापली होती आणि ती त्याच सासूबाईंच्या गाऊनवर काढायची होती. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘काढा. त्यांना काही सांगू नका.’’

एक निवृत्त गृहस्थ सकाळी फिरायला जायचा टी-शर्ट घेऊन आले. पाठीवर मोठ्या अक्षरांत काय हवं, तर ‘हॉर्न वाजवू नये. ऐकू येते.’ मी म्हटलं, अहो, निदान खाली एखादी वेलबुट्टी काढू का? ते म्हणाले, ‘‘वेलबुट्टीनं लोक वाचायला थांबतात. मग आणखी हॉर्न वाजतील.’’ पुढच्या आठवड्यात त्यांचे चार मित्र तेच घेऊन हजर.

असल्या धक्क्यांवर हसता येतं. ज्यावर हसता आलं नाही, तो सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे. 

आम्ही पूर्वी कसबा पेठेत राहायचो. मग वारज्याला फ्लॅट घेतला आणि टेबल, मशिन, बाटल्या सगळं इकडे आलं. पेठेतली गिऱ्हाइकं सुटली नाहीत आणि इथली नवी मिळाली. शेजारच्या सोसायटीतली मेधा ही त्या नव्यांतली. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, तोंडात निम्मं इंग्रजी, पण कपड्याची समज चांगली. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती एक राखाडी रंगाची कोरी रेशमी साडी घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘काकू, पदरावर बदकं हवीत.’’

‘‘बाळासाठी शिवायचंय का काही यातून?’’

‘‘नाही. आईला साठीची साडी आहे.’’

मी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. साठ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईच्या रेशमी पदरावर बदकं? मी तिला कोयरी दाखवली, कमळ दाखवलं, हंससुद्धा दाखवला. ती हटेना. शेवटी तिनं कारण सांगितलं. ती बालवाडीत असताना सगळ्या मुलांचे नॅपकिन सारखे असायचे आणि हिचा रोज हरवायचा. म्हणून आईनं तिच्या नॅपकिनवर बदकांची रांग भरून दिली होती. त्यात एक बदक चुकून उलट्या तोंडाचं झालं. बाकीची सगळी उजवीकडे चाललेली आणि हे एकटं डावीकडे. आईनं ते उसवायला घेतलं तर हिनं घर डोक्यावर घेतलं. ते बदक तसंच राहिलं.

‘‘एक उलटं काढाल ना काकू?’’

उलटं काढणं कठीण नसतं, स्टेन्सिल पालथं घालायचं असतं. फक्त आधी ते धुऊन पूर्ण कोरडं करावं लागतं, नाहीतर वरच्या बाजूचा ओला रंग कपड्याला लागतो. मी पांढरी बदकं काढली, चोची पिवळ्या, आणि रांगेत मधोमध एक उलटं. काम झाल्यावर पाहिलं तर पदर इतका सुरेख दिसत होता की माझी मलाच लाज वाटली, मी उगीच कमळासाठी भांडत होते.

तेव्हा तिनं बाकीचं सांगितलं. मेधानं नागपूरकडच्या मुलाशी लग्न केलं होतं. मुलगा चांगला, नोकरी चांगली. पण हिनं आधी कचेरीत जाऊन लग्न नोंदवलं आणि मग आईला सांगितलं. वडील नव्हतेच, आईनं एकटीनं वाढवलेली. त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं बंद. आईनं राहती जागा विकून दुसरीकडे घर घेतलं तेही हिला मावशीकडून समजलं. मेधाचा नंबर बदलला तो आईला कुणी कळवला नाही. दोघी एकाच शहरात.

‘‘मावशीच्या हातून पाठवणार आहे,’’ मेधा म्हणाली. ‘‘नाव सांगायचं नाही असं बजावलंय तिला. नाव कळलं तर आई न बघता परत पाठवेल. पदर उघडला की तिला कळेलच.’’ मग तिनं मला साडीची घडी अशी घालायला लावली की बदकं आत राहावीत. झाकणाला पारदर्शक कागद लावलेल्या खोक्यात साडी ठेवली. बाहेरून पाहणाऱ्याला नुसती साधी राखाडी साडी दिसत होती.

त्यानंतर मेधा श्रावणात आली. कुर्ते बाजूनं सैल करून हवे होते. शिवणीत जेवढं जादा कापड होतं तेवढं मी सोडवून दिलं, दोन कुर्त्यांना पट्ट्या जोडल्या. पाचवा संपून सहावा लागला होता. मी विचारलं, पहिलं बाळंतपण, आईकडे जाणार असशील?

‘‘आईनं साडी घेतली,’’ ती म्हणाली. ‘‘मावशीनं स्वतः हातात दिली तिच्या. त्यानंतर एक अक्षर नाही. बदकं बघूनसुद्धा जिला बोलावंसं वाटलं नाही, तिच्याकडे मी काय तोंडानं जाऊ? आणि मावशीला सांगितलंय, यातलं काही तिला कळवायचं नाही.’’

मला त्या आईचा इतका राग आला की सांगता सोय नाही. मी न पाहिलेल्या त्या बाईला मनातल्या मनात काय काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

तुळशीची लग्नं झाली आणि खऱ्या लग्नांचे दिवस आले. कसब्यातल्या आमच्या जुन्या शेजारीण नलूवहिनी यांच्या मुलाचं लग्न होतं. करवल्यांचे ब्लाउज, मुलांच्या कुर्त्यांवर नक्षी, सगळं माझ्याकडे. लग्न पार पडल्यावर वहिनींनी मला जेवायला बोलावलं, ओटी भरली आणि साडीचं खोकं हातात ठेवलं. वर म्हणाल्या, ‘‘आहेरात आलेली आहे हो, खोटं कशाला बोलू? राखाडी मला अगदी मळकी दिसते. तुमच्या रंगाला होईल.’’

आपल्याकडे ज्याला देण्याघेण्याची साडी म्हणतात, ती ही. वाचणाऱ्या बायकांना हे समजावून सांगायला नको, पुरुषांसाठी सांगते. ही साडी कुणी नेसत नाही. ती आहेरात येते, कपाटाच्या वरच्या फळीवर ढिगात जाते आणि पुढच्या कार्यात दुसऱ्याला दिली जाते. तिची घडी मोडायची नसते, कारण मोडली की ती देण्याच्या लायकीची राहत नाही. काही साड्या अशा वर्षानुवर्षं पुण्यात फिरत असतात. कोऱ्या निघतात, कोऱ्याच जुन्या होतात.

माझी मात्र धंद्यातली एक सवय आहे. कुठलंही कापड पूर्ण उलगडून, उजेडात धरून पाहिल्याशिवाय मी जागेवर ठेवत नाही. डाग असतो, कसर असते. घरी येऊन मी ती साडी पलंगावर पसरली. आतली घडी सुटली आणि बदकांची रांग बाहेर आली.

 चोचीखालचे सांधे माझे होते. उलटं बदक माझं होतं. सुरुवातीला मला वाटलं की त्या आईनं पोरीची साडी मुद्दाम देऊन टाकली, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग पदराच्या कडेला हात लावला. घडीवरची माझी इस्त्री जशीच्या तशी होती. साडी मी बंद केल्यापासून कुणी उघडलेलीच नव्हती. तेव्हा मला जो धक्का बसला, तसा पूर्वी बसला नव्हता आणि पुन्हा बसू नये. त्या बाईनं बदकं पाहिलीच नव्हती.

मेधाला फोन करावा असं आलं होतं मनात. पण तिला काय सांगणार, तुझी साडी माझ्या पलंगावर आहे म्हणून? नववा भरत आलेला असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कसब्यात गेले आणि नलूवहिनींना विचारलं, ही साडी तुम्हाला कुणी दिली? दिलेल्या साडीचा माग काढणं याच्याइतका उद्धटपणा आपल्यात दुसरा नाही. वहिनींचा चेहरा पडला.

‘‘का? विरलेली आहे का?’’

‘‘नाही हो. चांगली आहे. म्हणून तर विचारते.’’

बऱ्याच आढेवेढ्यांनंतर कळलं. वरच्या मजल्यावरच्या उषाताई. निवृत्त शिक्षिका, मी वारज्याला गेल्यानंतर तिथं राहायला आलेल्या, एकट्याच असतात, कुणात फारशा मिसळत नाहीत.

बेल वाजवल्यावर दार अर्धंच उघडलं. ‘‘काही विकायला आला असाल तर आम्हाला नको आहे,’’ आतून आवाज आला.

‘‘विकायला नाही. तुमची एक साडी आहे माझ्याकडे.’’

त्यांनी खोकं पाहिलं. ‘‘ही मी खालच्या नलूवहिनींना आहेर केली होती. ती तुमच्याकडे कशी, आणि तुम्ही मला परत करताय? नवीन पद्धत दिसते.’’

मी सरळ आत गेले. अशी कुणाच्या घरात मी कधी घुसले नव्हते. टेबलावर वर्तमानपत्र होतं, ते बाजूला केलं आणि पदर पसरला.

उषाताई आधी उभ्या होत्या.  मग त्या खुर्चीवर बसल्या. उलट्या बदकावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ ते तिथून उचललं नाही.

‘‘कुणी काढलं हे?’’

‘‘मी. मेधानं सांगितलं तसं.’’

‘‘कधी दिली तिनं?’’

‘‘तुमच्या साठीला. तुमच्या बहिणीच्या हातून. नाव सांगू नका, पदर उघडला की आई ओळखेल, असं म्हणाली होती.’’

‘‘मी उघडली नाही,’’ उषाताई म्हणाल्या. वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीच्या आवाजात म्हणाल्या. ‘‘त्या दिवशी घरभर बायका होत्या. ओवाळत होत्या, पुडकी हातात देत होत्या. बहिणीनं, सुमननं, दोन खोकी दिली, मला वाटलं दोन्ही तिचीच. सगळी वरच्या फळीवर गेली. रात्री मी रडले हो. पोरीला आईची साठीसुद्धा आठवली नाही म्हणून रडले, आणि ही माझ्या डोक्यावर फळीवर होती.’’

 माझ्याही कपाटात असा ढीग आहे. तुमच्याही असेल.

‘‘मग मी ती देऊन टाकली,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नेसलेही नाही. देऊन टाकली.’’

मेधाच्या पोटातल्या बाळाबद्दल सांगावं असं अगदी ओठावर आलं होतं. पण एका घरचं दुसऱ्या घरी न्यायचं नाही हा नियम मी या कामात पाळत आले आहे, आणि ही बातमी तर मुळीच माझी नव्हती. मी फोन काढला, मेधाचा नंबर लावला आणि तो त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. काम करताना माझे हात रंगाचे असतात म्हणून माझ्या फोनचा स्पीकर कायम चालू असतो. त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकावं लागलं.

‘‘हां काकू, बोला ना.’’

उषाताईंनी फोन जवळ ओढला. मी खिडकीपाशी गेले.

‘‘मेधा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी बोलते.’’

पलीकडून मेधानं विचारलं, ‘‘काकूंच्या फोनवरून?’’

‘‘साडी पाहिली. आज पाहिली.’’

‘‘आज?’’

‘‘देण्याच्या ढिगात गेली होती. उघडली नव्हती मी. शेजारी आहेर केली. त्यांनी या बाईंना दिली, त्या घेऊन आल्या.’’

‘‘तू माझी साडी शेजारी आहेर केलीस,’’ मेधा म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, रडवेलाही नव्हता. कुणीतरी अनोळखी भाषेतलं वाक्य वाचून दाखवल्यासारखा होता.

तेवढ्यात पलीकडून रडणं ऐकू आलं. बारीक, चिरका आवाज.  मी अजून दिवस मोजत होते.

‘‘कोण रडतंय?’’ उषाताईंनी विचारलं.

मेधा म्हणाली, ‘‘मुलगी झालीय मला. तीन आठवडे झाले.’’

मी वळून पाहिलं. उषाताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. बारसं होऊन गेलेलं, पाचवी होऊन गेलेली, आणि आजी दोन पेठा आणि एक पूल पलीकडे वर्तमानपत्र वाचत बसलेली. पहिलं बाळंतपण आईच्या घरी व्हावं म्हणून ज्या मुलीनं मनातून वाट पाहिली असेल, तिचं ते कधीच होऊन गेलं होतं, आणि ते आता कुणालाही उसवून पुन्हा शिवता येणार नव्हतं.

‘‘मला कुणी...’’ एवढंच त्या म्हणाल्या.

‘‘आता कशाला, आई,’’ मेधा थकलेल्या आवाजात म्हणाली. ‘‘झालं सगळं. सासूबाई होत्या, त्याही काल परत गेल्या. राहू दे आता.’’ ती फोन ठेवणार हे मला इकडे कळत होतं. बाळाचं रडणं वाढलं होतं.

उषाताई खुर्चीत सरळ झाल्या. फोनकडे वाकून त्यांनी नुसतं ऐकलं. ‘‘उभी धरलीयस का तिला?’’

‘‘हो. भूक लागलीय बहुतेक.’’

‘‘भुकेचं रडणं नाही ते. पोट दुखतंय. मांडीवर पालथी घे.’’

‘‘आई, मी म्हटलं ना...’’

‘‘बोलायचंय ते नंतर बोल. आधी पालथी घे. मान सांभाळ. आता पाठीवरून हात फिरव, वरून खाली. हलका हात. माझ्यासारखा धपाधपा नको.’’

फोनमध्ये कापडाची सळसळ झाली. रडणं चालूच राहिलं, मग मध्ये मध्ये तुटायला लागलं.  उषाताईंचा हात टेबलावरच्या पदरावरून वरून खाली फिरत होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला रंगावर हात घासू नका म्हणून सांगितलं नाही.

एक ढेकर ऐकू आली. मग एक उचकी, मग काहीच नाही.

‘‘झोपतेय,’’ मेधा हळूच म्हणाली.  फोन कुणीच ठेवत नव्हतं. मग पलीकडून आवाज आला, ‘‘कधी येतेस?’’

 फोन माझा आहे हे विसरून तो हातात घेऊन उषाताई दाराशी चपला शोधत होत्या.